हेलन केलरच्या गुरू : ॲन सुलिव्हान

हेलन केलर हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित वाचक विरळाच. दृष्टी आणि श्रवण या दोन्ही शक्ती बालपणीच हरपलेल्या हेलन पुढे पदवीधर झाल्या, लेखिका झाल्या. परंतु ज्या शिक्षिकेने हे घडवून आणले, त्या ॲन सुलिव्हान यांचे चरित्र मात्र तितकेसे परिचित नाही. म्हणून त्याचा अल्प परिचय येथे करून देत आहे.

ॲन यांचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, आयर्लंडहून पोट भरण्यासाठी आलेल्या एका दरिद्री कुटुंबात झाला. पाचव्या वर्षाच्या सुमारास खुपरीच्या विकाराने त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे आईचे छत्र हरपले. १८७६ मध्ये ॲन व त्यांचा धाकटा भाऊ जिमी या दोघांची रवानगी ट्यूक्सबरी येथील निराधारांच्या सरकारी आश्रमात झाली. तेथे काही महिन्यांतच जिमी दगावला. रोगजर्जर माणसांच्या संगतीत ॲन यांनी चार वर्षे काढली. एके दिवशी आश्रमाच्या पाहणीसाठी वरिष्ठ अधिकारी आले असता, या मुलीने धीर करून मला शाळेत जायचे आहे अशी विनवणी केली. त्या एका विनवणीने आयुष्याची दिशा बदलली. १८८० मध्ये बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेत त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा चौदा वर्षांच्या ॲन यांना लिहिता-वाचताही येत नव्हते. पुढे शस्त्रक्रियांमुळे दृष्टी काहीशी सुधारली आणि १८८६ मध्ये वर्गात पहिल्या येऊन त्यांनी शिक्षण पूर्ण केले.

याच शाळेत लॉरा ब्रिजमन या वृद्धत्वाकडे झुकलेल्या बाई राहत असत. त्याही अंध व बधिर होत्या. डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी १८३७ पासून त्यांना स्पर्शाद्वारे भाषा शिकविली होती. लॉराबाईंशी बोलण्यासाठी ॲन बोटांची लिपी शिकल्या. प्रत्येक अक्षरासाठी बोटांची ठरावीक ठेवण असते व ती दुसऱ्याच्या तळहातात करून शब्द सांगता येतो. ही विद्या पुढे आपल्या जीवनाचे कार्य ठरेल याची त्यांना तेव्हा कल्पनाही नसावी.

३ मार्च १८८७ रोजी ॲन अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबाकडे दाखल झाल्या. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या दुखण्यात तिची दोन्ही इंद्रिये गेली होती. घरच्यांनी दयेपोटी तिचा प्रत्येक हट्ट पुरविला होता; जेवताना ती कोणाच्याही ताटात हात घाली. दया आणि शिक्षण यांतील फरक ॲन यांनी ओळखला. काही दिवस त्या हेलनला घेऊन आवारातील लहान घरात वेगळ्या राहिल्या आणि तिला शिस्त लावली. बोटांची अक्षरे हेलन नक्कल म्हणून करी. पण प्रत्येक वस्तूला नाव असते, हे तिला उमगत नव्हते. ५ एप्रिल रोजी ॲन यांनी तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरला व दुसऱ्या हातात पाणी हा शब्द पुनःपुन्हा लिहिला. त्या क्षणी अर्थाचे दार उघडले.

यापुढील त्यांची पद्धती विशेष मननीय आहे. ठरावीक तासांचे पाठ त्यांनी सोडून दिले. आई तान्ह्या मुलाशी जशी पूर्ण वाक्यांत बोलते, तसे त्या दिवसभर हेलनच्या हातात बोलत राहिल्या. झाडाखाली, ओढ्याकाठी, अंगणात, जेथे अनुभव येईल तेथे शब्द दिला.

१९०० मध्ये हेलन यांनी रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्गातील प्रत्येक व्याख्यान ॲन त्यांच्या हातात उतरवीत. ब्रेलमध्ये नसलेले ग्रंथ स्वतःचे दुखरे डोळे ताणून वाचून दाखवीत. १९०४ मध्ये हेलन सन्मानासह पदवीधर झाल्या. या शिक्षणास हेन्री रॉजर्स या उद्योगपतींनी आर्थिक साहाय्य केले होते, हे आम्हा व्यापारी मंडळींनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९०५ मध्ये ॲन यांचा जॉन मेसी यांच्याशी विवाह झाला. पण हेलन यांची साथ त्यांनी सोडली नाही. अखेरीस त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये ठेवण्यात आला.

१९५५ मध्ये हेलन केलर भारतात येऊन गेल्या. मुंबईत १९७७ मध्ये त्यांच्याच नावाने बधिर व अंधबधिर मुलांसाठी संस्था स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेमध्ये अंधबधिरत्वाचा स्पष्ट उल्लेख आला. तथापि, कायदा आणि इमारत यांनी काम भागत नाही. फळ्यापुढे उभे राहून चाळीस मुलांना एकदम शिकविता येते. अंधबधिर मुलास मात्र प्रत्येक शब्द हातात हात घेऊनच द्यावा लागतो. एका मुलामागे एक शिक्षक, तोही वर्षानुवर्षे. इमारतीच्या खर्चावर देणगीदाराच्या नावाची शिला बसते. शिक्षकाच्या वेतनावर ती बसत नाही. हेलन केलर यांना घडविणारा खर्च मात्र या दुसऱ्या प्रकारचा होता. दान देताना एवढा विवेक आपण राखला, तर ॲन सुलिव्हान यांच्या स्मृतीस ते खरे अभिवादन ठरेल.