थॅडियस स्टीव्हन्स : गरिबांच्या शाळेचा कैवारी

विधिमंडळांत कायदे होतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून ठाऊक असतें. परंतु एका कायद्यानें एखाद्या गरीब मुलाच्या आयुष्यांत केवढा फरक पडतो, हें पुस्तकावरून सहसा ध्यानांत येत नाहीं. तें यावें, म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानच्या विधिमंडळांतील पुढारी थॅडियस स्टीव्हन्स ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

थॅडियसचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजीं व्हरमॉन्ट संस्थानांतील डॅनव्हिल गांवीं झाला. त्याचा एक पाय जन्मतःच वाकडा होता. मुलें लहान असतांनाच बाप घर सोडून निघून गेला, आणि चार मुलांचा भार आई सेरा हिच्यावर पडला. ही बाई मोठी धर्मशील व कष्टाळू होती. लंगड्या मुलाच्या हातून नांगर चालणार नाहीं हें तिनें ओळखलें; परंतु त्याची बुद्धि तीव्र आहे हेंही तिनें ओळखलें. म्हणून त्याला चांगली शाळा मिळावी एवढ्यासाठीं ती पीचम गांवीं बिऱ्हाड घेऊन गेली. सोबतचीं मुलें त्याच्या चालण्याची नक्कल करीत व त्याला हंसत. तो अपमान थॅडियस जन्मभर विसरला नाहीं. आणि दुसऱ्या कोणाला कोणी तसें हिणवलेलें त्याला पुढें कधीं सहन झालें नाहीं.

१८१४ सालीं डार्टमथ कॉलेजांतून पदवी घेऊन तो पेन्सिल्व्हेनियांत आला. यॉर्क येथें त्यानें शाळामास्तरकी पतकरली व फावल्या वेळांत कायद्याचा अभ्यास केला. १८१६ सालीं गेटिसबर्ग येथें त्यानें वकिली सुरू केली. थोड्याच वर्षांत स्टीव्हन्स ह्यांची गणना त्या प्रांतांतील नामांकित वकिलांत होऊं लागली. हातीं पैसा येतांच त्यांनीं आईला शेतजमीन घेऊन दिली.

थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना त्यांतील काळी बाजू झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १८२१ सालीं चॅरिटी बटलर नांवाच्या एका काळ्या स्त्रीनें आपल्या व आपल्या मुलांच्या मुक्तीसाठीं दावा लावला होता. पेन्सिल्व्हेनियांत सलग सहा महिने राहिलेला गुलाम कायद्यानें मुक्त होई. स्टीव्हन्स ह्यांनीं मालकाचें वकीलपत्र घेतलें, आणि तिचें राहणें तुटक होतें, सलग नव्हतें, असा मुद्दा काढून दावा जिंकला. ती माउली मुलांसह पुन्हां दास्यांत गेली. कायद्याच्या एका शब्दानें मनुष्याची स्वतंत्रता कशी हिरावली जाते, हें त्या खटल्यांत स्वच्छ दिसलें. पुढील आयुष्यांत मात्र स्टीव्हन्स ह्यांनीं आपली सर्व विद्या उलट बाजूस लावली. पळून आलेल्या गुलामांचे खटले ते फी न घेतां चालवूं लागले.

१८३३ सालीं ते पेन्सिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिसभेंत निवडून आले. त्या वेळची शिक्षणाची स्थिति वाचकांनीं नीट समजून घ्यावी. १८०९ च्या कायद्यान्वयें गरिबांच्या मुलांस फुकट शिकण्याची सोय होती खरी. परंतु त्यासाठीं आईबापांस आपण कंगाल आहों असें सांगावें लागे, आणि त्या मुलांचीं नांवें गरिबांच्या यादींत चढत. ह्या यादीच्या लाजेनें कित्येक आईबाप मुलांस शाळेंत पाठवीतच नसत. ज्यानें अंगावर ठिगळाचा कपडा घातला आहे, त्याच्या कपाळावरही ठिगळ लावावें, अशांतलाच हा प्रकार होता!

१ एप्रिल १८३४ रोजीं गव्हर्नर जॉर्ज वुल्फ ह्यांच्या सहीनें नवा कायदा झाला. श्रीमंत असो वा गरीब असो, सर्वांच्या मुलांसाठीं सार्वजनिक पैशानें शाळा चालवाव्यात, असें त्यानें ठरविलें. परंतु कर वाढणार हें कळतांच लोक खवळले. ज्यांना मूलबाळ नव्हतें त्यांना दुसऱ्याच्या मुलांसाठीं पैसे देणें जुलमाचें वाटलें. जर्मन वंशाच्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या देवळांशीं जोडलेल्या शाळा होत्या. त्या बुडतील अशी त्यांना धास्ती पडली. कायदा रद्द करावा म्हणून अर्जांवर अर्ज आले. वरिष्ठ सभेनें तो रद्द करण्याच्या बाजूनें मतही दिलें. आतां सारा भार प्रतिनिधिसभेवर येऊन पडला.

स्टीव्हन्स ह्यांच्यापुढें दोन अडचणी होत्या. त्यांच्याच जिल्ह्यांतील मतदार कायद्याच्या विरुद्ध होते. आणि गव्हर्नर वुल्फ हे त्यांच्या विरोधी पक्षाचे होते. शाळा वाचविणें म्हणजे मतदारांची नाराजी घेणें व प्रतिपक्षाला यश देणें. मुत्सद्दी म्हणविणारा दुसरा कोणी त्या दिवशीं आजाराचें निमित्त करून घरीं राहिला असता. परंतु ११ एप्रिल १८३५ रोजीं स्टीव्हन्स सभागृहांत बोलावयास उभे राहिले.

दुसऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाचा मला काय उपयोग, असें म्हणणाऱ्यांस त्यांनीं उलट विचारलें कीं, तुरुंगासाठीं व न्यायकचेऱ्यांसाठीं तुम्ही कर देतां तो कोणत्या उपयोगासाठीं? गुन्हेगारास कोंडण्यासाठीं पैसा द्यावयाचा, आणि तो गुन्हेगार होऊं नये म्हणून द्यावयाचा नाहीं, हा कोठला हिशेब? गरिबांची निराळी यादी करणारा कायदा मुलामुलांत उच्चनीचपणाची भिंत घालतो, असें त्यांनीं दाखविलें. निर्धन घरांत जन्मलेली बुद्धि शाळेवांचून तशीच वायां जाते, हेंही त्यांनीं सभेच्या मनावर बिंबविलें. पीचमच्या शाळेंतील लंगड्या मुलाचा अनुभव त्या शब्दांच्या पाठीशीं होता. गव्हर्नर आपल्या पक्षाचे नाहींत ह्याकडे न पाहतां शिक्षणाच्या कामीं सर्वांनीं त्यांस साथ द्यावी, अशी त्यांनीं विनंति केली. मतें घेतलीं गेलीं, आणि कायदा रद्द करण्याचा बेत प्रतिनिधिसभेनें फेटाळला. शाळा वाचल्या.

१८३७ सालीं संस्थानची राज्यघटना दुरुस्त करण्यासाठीं परिषद भरली, तिचे ते सभासद होते. तेथें बहुमतानें काळ्या लोकांचा मताचा हक्क काढून घेण्यांत आला. तयार झालेल्या घटनेवर सही करण्यास स्टीव्हन्स ह्यांनीं साफ नकार दिला.

१८४२ सालीं ते लँकॅस्टर येथें राहावयास गेले, आणि १८४९ पासून वॉशिंग्टनच्या कांग्रेसमध्यें बसूं लागले. यादवी युद्धांत सैन्याचा खर्च भागविणाऱ्या कमिटीचे ते अध्यक्ष होते. १८६३ च्या जून महिन्यांत दक्षिणेकडील सैन्यानें त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकला. तरी त्यांनीं आपल्या बाण्यांत तिळमात्र फरक केला नाहीं. गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती, व कायद्यापुढें सर्वांस समान संरक्षण देणारी चौदावी, ह्या दोहोंच्या मागें त्यांचा मोठा जोर होता. त्यांची जीभ फार तिखट होती. पराभूत दक्षिणेशीं ते कठोरपणानें वागले, असा आक्षेप पुष्कळ काळ घेतला गेला. परंतु मागाहूनच्या इतिहासकारांनीं त्यांच्या कार्याची थोरवी मान्य केली आहे.

११ ऑगस्ट १८६८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. लँकॅस्टरमधील मोठमोठ्या दफनभूमींत काळ्या लोकांस मज्जाव होता. म्हणून स्टीव्हन्स ह्यांनीं एका लहानशा दफनभूमींत आपली जागा आधींच निवडून ठेविली होती, कारण तेथें वर्णभेद नव्हता. आपण येथें कां निजलों आहों, हें त्यांनीं स्वतःच थडग्यावरील लेखांत लिहून ठेविलें. मृत्युपत्रांत त्यांनीं दोन गोष्टींची आठवण ठेविली : आईच्या थडग्याभोंवतीं दरवर्षीं गुलाब व फुलझाडें लावावीं, आणि वर्णाचा किंवा वंशाचा भेद न करतां अनाथ मुलांसाठीं एक आश्रम काढावा. त्या देणगींतून उगवलेली उद्योगशाळा लँकॅस्टर येथें त्यांच्या नांवानें आजही चालू आहे.

हें सर्व दूरदेशींचें, असें वाचकांनीं समजूं नये. पुण्यांत मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. नामदार गोखले ह्यांनीं १९११ सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, तेव्हां खर्चाची तीच ओरड येथेंही उठली, आणि १९१२ सालीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. पुढें विठ्ठलभाई पटेल ह्यांच्या खटपटीनें १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत तशा कायद्याचा आरंभ झाला. आणि भारतांतील प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अंमलांत येण्यास १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. गव्हर्नर वुल्फ ह्यांनीं सही केली, तीही तारीख १ एप्रिलच होती.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या बांकावर तुमच्याशेजारीं बसणारा मुलगा कोणाचा, त्याची फी कोण भरतो, त्याचे बूट फाटके कां, हें विचारण्याची तुम्हांस कांहीं गरज नाहीं. आणि आईबापहो, शाळेचा कर किंवा वर्गणी देतांना हा पैसा परक्याच्या मुलासाठीं जातो असें जर मनांत आलें, तर पीचमच्या त्या लंगड्या मुलाची आठवण करा. त्याची आई दूरदर्शी नसती व गांवांत शाळा नसती, तर पेन्सिल्व्हेनियाच्या सभागृहांत त्या दिवशीं कोण उभें राहिलें असतें?