समजून घ्या : ‘लीलावती’कार भास्कराचार्य बीडचे होते का?

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनीच नोंदवले. काही अभ्यासक ते आजचे बीड मानतात. पुरावा मात्र चाळीसगावजवळच्या पाटणकडे अधिक झुकतो. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख तिथे आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण झाला. ‘लीलावती’ हा त्यातला मुख्यतः अंकगणिताचा भाग, तोही पाठ करायला सोपा म्हणून पद्यात. त्यातले उदाहरण म्हणजे अनेकदा एक छोटी गोष्टच. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक भुंगा हवेत घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती? पंधरा. बीडच्या कुठल्याही शाळेत १५ चिंचोके मांडले, की ३, ५, ६ आणि १ असे गट मुलांना दिसतात. मोर-साप, मोडलेला बांबू या गोष्टींत काटकोन त्रिकोण लपलेला आहे. ते मात्र प्राथमिकच्या पुढचे.

घटिकापात्रात मोती पडला आणि लीलावतीचा मुहूर्त हुकला, ही कथा मूळ ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून ती पसरली. ग्रंथात लीलावतीला गणिते घातली आहेत, एवढे नक्की.