बाबासाहेब आणि दुसरे मत

निवडणूक जवळ आली की आपल्या विहारांत, लग्नकार्यांत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत एक वाद हमखास उपस्थित होतो. आपल्या विचारांचा परंतु निवडून येण्याची शक्यता कमी असलेला तिसरा उमेदवार निवडावा, की दगडापेक्षा वीट मऊ म्हणून दोन मोठ्या पक्षांतील त्यातल्या त्यात बऱ्या उमेदवाराला मत द्यावे? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर हा वाद घराघरांत शिरला. त्या वर्षी नांदेडमध्ये भारतीय जनता पक्षाचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांनी काँग्रेसचे अशोक चव्हाण यांचा सुमारे ४० हजार मतांनी पराभव केला आणि वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे यांना १ लाख ६६ हजारांवर मते पडली. शेजारच्या लातुरात आघाडीच्या उमेदवाराला लाखाहून अधिक मते मिळाली, परंतु तेथे विजयाचे अंतरच त्याहून कितीतरी मोठे असल्याने कोणी कोणाला दोष दिला नाही. नांदेडात मात्र भावाने भावाला जाब विचारला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भारतीय जनता पक्षात दाखल झाले आणि जाब विचारणारेही काही काळ गप्प झाले.

या वादात दोन्ही बाजू बाबासाहेबांचेच नाव घेतात. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आम्ही याच एका अंगाने पुन्हा वाचून पाहिले. कोणत्याही पक्षाची तरफदारी करणे हा या लेखाचा हेतू नाही. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेने ती करूही नये.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण, कोलंबिया आणि लंडन येथील विद्यार्जन, महाडचा सत्याग्रह हे सर्व आपल्या वसतिगृहातील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ मताधिकाराच्या प्रश्नापासून झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १९१९ च्या जानेवारीत, महाडच्या आठ वर्षे आधी, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती मताधिकाराविषयीच. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. ज्याच्याजवळ जमीन नाही, शिक्षण नाही, त्याच्याजवळ निदान मत असावे, अशी त्यांची धारणा होती.

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात राहिली. त्यातील दुसरी तरतूद विस्मृतीत गेली. अस्पृश्य मतदाराला दोन मते मिळणार होती. पहिले स्वतःच्या प्रतिनिधीसाठी, दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात इतरांच्या बरोबरीने. हे दुसरे मत हातात असते तर गावच्या पाटलाच्या उमेदवारालाही महारवाड्यात आणि मांगवाड्यात येऊन हात जोडावे लागले असते. गांधीजींच्या उपोषणाच्या छायेत २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्यांच्याबरोबर ते दुसरे मतही गेले. एका माणसाच्या प्राणाची आणि त्या प्राणाला काही झाले असते तर खेड्यापाड्यांतील आपल्या लोकांवर जे ओढवले असते त्याची तुलना करून बाबासाहेबांनी सही केली. दोन अनिष्टांतून कमी अनिष्ट निवडण्याचा त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत कठोर प्रसंग म्हणावा लागेल. पुढे १९४५ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी गमावलेल्या दुसऱ्या मताविषयी जी हळहळ व्यक्त केली, ती वाचताना ही जखम भरली नव्हती हे जाणवते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. एका बाजूस काँग्रेस, दुसऱ्या बाजूस सरकारधार्जिणे जमीनदार व सनातनी. यांच्याबाहेर कामकरी आणि कुळांचा पक्ष उभा राहावा हा त्यांचा संकल्प होता. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. खुद्द बाबासाहेबांनी काँग्रेसचे उमेदवार, प्रसिद्ध क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांचा दोन हजारांच्या आसपास मतांनी पराभव केला. मुंबई प्रांतात त्या वेळी एकत्रित मतदानाची पद्धत होती. बहुसदस्य मतदारसंघातील मतदार आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. लहान समाजाने एकजूट केली तर तो आपला माणूस निवडून आणू शकतो, हे त्या निवडणुकीने दाखवून दिले. यश कार्यकर्त्यांच्या मेहनतीचे होते, तसे पद्धतीचेही होते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.

त्या निवडणुकीत आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणाला मत दिले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर सोपे आहे. कोणालाच नाही. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील मतदान तेथील प्रजेसाठी नव्हते. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने कन्नडजवळील मक्रणपूर येथे परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले, तेव्हा समोर बसलेल्या मराठवाड्यातील माणसांजवळ मत नावाची वस्तूच नव्हती.

परंतु मत नसले तरी बाजू निवडण्याची वेळ येतेच. ती १९४७ मध्ये आली. एकीकडे भारतात विलीन होण्यास नकार देणारा निजाम, दुसरीकडे ज्यांच्या गावकीखाली आपण पिढ्यान्‌पिढ्या दबलो त्या सवर्णांचे प्राबल्य असलेली काँग्रेस. निजामाच्या राजवटीकडून जमिनीची आणि सवलतींची आश्वासने मिळत होती. संस्थानातील काही दलित पुढारी तिकडे गेलेही. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात बाबासाहेबांनी निवेदन काढून हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू न घेण्याचा स्पष्ट सल्ला दिला. काँग्रेसविषयी त्यांचे मत बदलले होते असे नाही. पण दोन अनिष्टे सारखी नसतात तेव्हा त्यांना सारखी म्हणणे त्यांना मान्य नव्हते. बाबासाहेब नेहमीच तिसऱ्या बाजूला उभे राहिले, असे जे म्हणतात त्यांनी आपल्याच भूमीतील हा प्रसंग आठवावा.

मधल्या काळातील घडामोडी थोडक्यात सांगतो. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा धुव्वा उडाला. बाबासाहेब संविधान सभेत पोहोचले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नाने. फाळणीनंतर ते सदस्यत्व गेले आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. आयुष्यभर ज्या पक्षाशी झुंज दिली त्याच पक्षाच्या सरकारात ते कायदामंत्री झाले, संविधान लिहिले, आणि हिंदू कोड बिलाची उपेक्षा व अन्य मतभेदांमुळे सप्टेंबर १९५१ मध्ये बाहेर पडले.

राजीनाम्यानंतर चारच महिन्यांत पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. फेडरेशनच्या जाहीरनाम्यात कोणाशी युती करणार नाही हे आधीच लिहून टाकले होते. हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांसारख्या संघटनांशी नाही, कम्युनिस्टांशीही नाही. युती झाली ती समाजवादी पक्षाशी. निवडणुकीआधी, उघडपणे, लेखी अटींच्या पायावर मित्र निवडण्याची ही रीत आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावी.

उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. आता मात्र १९३७ ची सवलत नव्हती, दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर त्यांतील एक बाद होई. बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकत्र लढत होते. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे हेही रिंगणात होते. दुसरे मत वाया घालवा असा प्रचार डांगे यांच्या बाजूने झाला, अशी तक्रार बाबासाहेब व मेहता यांनी पुढे निवडणूक अर्जात केली. न्यायाधिकरणाने ती मान्य केली नाही. काहीही असो, ७० हजारांहून अधिक मते बाद झाली आणि संविधानाचे शिल्पकार काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. त्याच निवडणुकीत आपल्या शेजारच्या सोलापूर मतदारसंघात फेडरेशनचे पां. ना. राजभोज आणि शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे असे दोघेही काँग्रेसेतर उमेदवार निवडून आले. तिसऱ्याला दिलेले मत नेहमीच वाया जाते हा समज त्या एका निकालानेही खोटा ठरतो. मराठवाड्यातील माणसाने लोकसभेसाठी आयुष्यातील पहिले मत दिले तेही याच निवडणुकीत.

१९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. आमच्या मते बाबासाहेबांच्या राजकीय चरित्रातील हे पान सर्वांत कमी वाचले गेलेले आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

भंडाराही द्विसदस्य मतदारसंघ होता. राखीव जागेसाठी बाबासाहेब, सर्वसाधारण जागेसाठी पुन्हा अशोक मेहता. अशा मतदारसंघाचा कायदा असा होता की अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते त्याला राखीव जागा द्यायची आणि उरलेल्या सर्व उमेदवारांत, जात न पाहता, जो पुढे असेल त्याला दुसरी. म्हणजे अनुसूचित जातींचा उमेदवार राखीव जागेवर मागे पडला तरी सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकत होता. कार्यकर्त्यांनी हिशोब मांडला. मेहतांचे सवर्ण मतदार आपले दुसरे मत बाबासाहेबांना देतीलच याची खात्री नाही. मग आपल्या लोकांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच देऊ नये. तेव्हाच्या भाषेत, दुसरे मत कुजवावे. मेहतांची मते तितकी घटतील आणि बाबासाहेब दोहोंपैकी एका जागेवर येतील. हिशोब चुकीचा नव्हता. तो बेकायदेशीरही नव्हता. मुंबईच्या पराभवाची सल ताजी होती, आणि समोर उमेदवार होते ते साक्षात बाबासाहेब.

बाबासाहेबांनी ही सूचना साफ नाकारली. मत कुजवणे हा संविधानाने दिलेल्या अधिकाराचा अवमान आहे आणि पराभव झाला तरी तो मार्ग आपल्याला नको, अशी त्यांची भूमिका होती. ज्या दुसऱ्या मतासाठी त्यांनी १९३२ पासून हळहळ बाळगली ते मत आपल्याच लोकांना जमिनीत पुरायला सांगणे त्यांना कसे शक्य होते? शिवाय मेहतांशी केलेला करार होता. निकाल लागला. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून ८ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले.

या निर्णयात चूक होती असे म्हणणारे जाणते लोक आमच्या परिचयात आहेत आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाही. लोकसभेत बाबासाहेब असते तर त्या सभागृहाच्या आणि आपल्याही इतिहासाला वेगळे वळण लागले असते. राज्यसभेत ते होते, परंतु लोकांनी निवडून दिलेला प्रतिनिधी म्हणून तेथे बसण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. आम्हाला मात्र असे वाटते की तिसऱ्या पक्षाचे राजकारण करणाऱ्याला शब्द मोडणे सर्वांत महाग पडते. मोठ्या पक्षाजवळ सत्ता असते, पैसा असतो. लहान पक्षाजवळ मित्राने विश्वास ठेवावा असा शब्द तेवढा असतो.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. इतरांच्या मर्जीवर निवडून येणारा आपला प्रतिनिधी आपला राहत नाही, हा दोन दशकांचा अनुभव त्यामागे होता. फेडरेशन विसर्जित करून सर्व वंचितांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याचा त्यांचा विचार होता. राममनोहर लोहिया यांच्याशी पत्रव्यवहार सुरू होता. भेट व्हायची राहून गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. पक्ष प्रत्यक्षात आला तो पुढच्या वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी.

त्याआधी, महापरिनिर्वाणानंतर तीनच महिन्यांत दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लाट होती आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होते. नाशिकमधून स्वतः दादासाहेब निवडून आले. नांदेड हा तेव्हा दोन खासदार देणारा मतदारसंघ होता आणि त्यांतील एक खासदार फेडरेशनचा झाला: हरिहरराव सोनुले. मुंबईत आणि भंडाऱ्यात बाबासाहेबांना जे मिळाले नाही ते त्यांच्या पक्षाला नांदेडने दिले. गोदाकाठच्या गावांतील नुकतीच दीक्षा घेतलेली माणसे त्या दिवशी हातात दोन मतपत्रिका घेऊन पेट्यांपुढे उभी होती. १९६१ मध्ये संसदेने द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले आणि १९६२ पासून नांदेडच्या मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका आली.