समडोळीचे आपटे आणि 'कुंकू'

लायब्ररीत 'आपटे' म्हणून विचारलं की हातात येतात 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे हरि नारायण आपटे. आपले आपटे त्यांच्या नेमके उलटे, नारायण हरि! या नावांच्या घोळात बिचारे मागेच राहिले.

जन्म ११ जुलै १८८९, सांगलीजवळच्या समडोळीचा. 'अजिंक्यतारा' ही कादंबरी आली १९०९ साली, म्हणजे वय अवघं वीस. (त्या वयात आपण दुसऱ्याच्या जर्नलवरून सबमिशन उतरवतो.) पुढे सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव हेच त्यांचं गाव झालं. ऐतिहासिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्याच, पण त्यांचा खरा हात बसला तो घरातल्या माणसांवर.

त्यांच्या 'भाग्यश्री'वरून प्रभातने १९३४ मध्ये 'अमृतमंथन' काढला. तो सगळा भव्य मामला. 'न पटणारी गोष्ट'वरून १९३७ मध्ये आलेल्या 'कुंकू'त मात्र राजवाडा नाही, लढाई नाही. बहुतेक सिनेमा एका घरातच घडतो. पटकथाही आपट्यांचीच, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. भरल्या घरात ती एकटी, आणि हळूहळू कळतं की तो काकासाहेबही एकटाच आहे.

हे दाखवायला सामान किती? भिंतीवरचं घड्याळ आणि आरसा. पार्श्वसंगीत नाहीच, नुसते घरातले-रस्त्यावरचे आवाज. घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याच्या छातीवर बसते. फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून त्याचेच चेहरे त्याला हसतात. वाईट स्वप्न पडावं तसा तो प्रसंग आहे. स्पेशल इफेक्टवाल्यांनी एकदा बघाच. केशवराव दाते आणि शांता आपटे यांनी कमाल केली आहे. शेवटी काकासाहेब नीराला मोकळं करतो, चिठ्ठी लिहून ठेवतो आणि स्वतःला संपवतो. मला हा शेवट सोपा वाटतो. नीराची सुटका व्हायला म्हाताऱ्याने मरायलाच हवं होतं का? पण १९३७ साली बायकोने नवऱ्याला तोंडावर नाही म्हणणं हेच केवढं होतं!

आपटे १९७१ साली गेले. प्रभातचा स्टुडिओ आज पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. त्यांच्या एका कादंबरीचं नाव 'एकटी' आहे. कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर येताना घेऊन या.