विनोबा भावे : गागोद्यापासून हिमालयाच्या बर्फापर्यंत

आपल्या पेण-रोह्याकडची थंडी कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. पहाटे शेतांवर धुकं, अंगात स्वेटर आणि वालाच्या शेंगा तयार झाल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ घालायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा आणि शेकत बसायचं. बर्फ मात्र आपण पाहतो तो फ्रीजमध्ये किंवा सरबताच्या गाडीवर. म्हणूनच हल्ली कोकणातली कुटुंबंसुद्धा थंडीत मनाली, गुलमर्गला जातात. हॉटेल घेतात, भाड्याचे बूट आणि कोट चढवतात, घसरगाडीवर बसतात. आनंदच आहे त्यात! पण याच पेण तालुक्यातला एक माणूस खूप आधी हिमालयाच्या ओढीने घराबाहेर पडला होता. त्याला त्या डोंगरातल्या बर्फावर पाऊल ठेवायला त्रेचाळीस वर्षं लागली. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

बालपण

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. त्यांचे पूर्ण नाव विनायक नरहरी भावे. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत. त्यामुळे विनायकाची पहिली नऊ-दहा वर्षं आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्याजवळ गागोद्यातच गेली. घरच्या झाडाचा फणस उतरला की आई आधी शेजाऱ्यांकडे गरे पाठवायची, मग घरातल्या मुलांना द्यायची. मोठेपणी लोकांकडे जमिनीचं दान मागणाऱ्या विनोबांनी वाटून खाण्याचा पहिला धडा इथेच गिरवला.

हिमालयाची ओढ

पुढे बडोद्यात शिक्षण सुरू झालं, पण मन परीक्षेत रमेना. त्यांच्या डोक्यात दोन वाटा होत्या. एक हिमालयाकडे, शांती आणि ज्ञानासाठी. दुसरी बंगालकडे, क्रांतीसाठी. २५ मार्च १९१६ रोजी ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले. वाटेत सुरतेला उतरले आणि थेट काशीची गाडी धरली! तेव्हा त्यांचं वय होतं अवघं वीस.

काशीत त्यांनी गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती, दोन्ही त्यांना एकाच माणसात सापडली. मग हिमालय राहिला बाजूला. आश्रमात विनायकाचे विनोबा झाले. भाजी चिरणं, सूत कातणं, सफाई, शिकवणं आणि पुढे तुरुंगवास, यात वर्षांमागून वर्षं गेली.

पायी देशभर

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दान मिळाली आणि भूदान चळवळ सुरू झाली. त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक काळ विनोबा चालत राहिले. पहाटे तीनला उठायचं, अंधारातच चालायला लागायचं, गाव आलं की थांबायचं. मुक्काम कुठे? कधी शाळेत, कधी कुणाच्या घरी, कधी तंबूत. संध्याकाळी प्रार्थना आणि लोकांशी बोलणं. पोटाच्या दुखण्यामुळे जेवण अगदी मोजकं, बहुतेक दूध-दह्यावरच.

आणि बर्फ आला

१९५९ च्या मे महिन्यात ही पदयात्रा जम्मू-काश्मीरमध्ये शिरली. पाहणं, ऐकणं आणि प्रेम करणं, एवढ्या तीनच गोष्टींसाठी आपण आलो आहोत असं विनोबांनी सांगितलं होतं. पुंछ भागातून काश्मीरच्या खोऱ्यात उतरायचं तर मध्ये पीर पंजालची रांग उभी. आज जिथे लोक बर्फात खेळायला जातात ते गुलमर्ग याच रांगेच्या पलीकडच्या उतारावर आहे.

डोंगराच्या अलीकडे लोरन गावात यात्रा अडकली. पाऊस थांबायलाच तयार नाही. त्या जुलैत काश्मीरच्या खोऱ्यातही मोठा पूर आला होता. विनोबांनी मनाशी ठरवलं की डोंगर ओलांडता आला तर पुढे जायचं, नाहीतर ईश्वराची इच्छा समजून पंजाबात परत फिरायचं. काही दिवसांनी आभाळ उघडलं. मग सुमारे साडेतेरा हजार फुटांवरची बर्फाळ वाट त्यांनी पायी पार केली. वय त्रेसष्ट, प्रकृती तोळामासा. आपल्या कोकणातल्या माणसाला हजार फुटांचा घाट चढतानाही धाप लागते, बघा!

एवढ्या उंचीवर हवा विरळ होते, चार पावलं टाकली तरी छाती भरून येते. बर्फ वरून कडक दिसतो, पण खालून पाणी वाहत असतं. स्थानिक माणसांच्या मदतीशिवाय अशी वाट पार होत नाही. खोऱ्यात उतरल्यावर विनोबांचा मुक्काम सामान्य काश्मिरी माणसांमध्येच राहिला. त्यांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला होता. त्यामुळे लोकांशी मनं लवकर जुळली. सुमारे चार महिने ते त्या राज्यात फिरले.

याच काळात तुरुंगातल्या तहसीलदार सिंह या डाकूचं पत्र त्यांना मिळालं. त्यातूनच मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंनी विनोबांपुढे शस्त्रं ठेवली.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

यातून आपण काय घ्यायचं?

विनोबा तरुणपणी हिमालयात गेले असते तर स्वतःच्या शांतीसाठी गेले असते. त्रेसष्टाव्या वर्षी गेले ते तिथल्या माणसांसाठी. बर्फ तोच, पण जाण्याचं कारण बदललं होतं. तुम्हीही कधी थंडीच्या सुट्टीत बर्फ पाहायला जाल. जरूर खेळा. पण तुमची घसरगाडी ओढणारा माणूस कोण, त्याचं घर कुठे, पर्यटक नसतात तेव्हा त्याची चूल कशावर पेटते, हेही विचारा. थोडं ऐका. गागोद्याच्या विनोबांची आठवण ठेवायला एवढं पुरे.

विचार करा व लिहा

१. विनोबा १९१६ मध्ये हिमालयात का गेले नाहीत?
२. लोरन येथे विनोबांनी कोणता निश्चय केला?
३. आपल्या गावी येणाऱ्या पर्यटकाने आपल्याबद्दल काय जाणून घ्यावं असं तुम्हाला वाटतं? आठ-दहा ओळी लिहा.