हर्मिटेजचा राखणदार

रशियातील सेंट पीटर्सबर्ग नगरात, नेव्हा नदीच्या काठी, एक विशाल राजप्रासाद उभा आहे. रशियाचे सम्राट हिवाळ्यात येथे राहत; म्हणून त्यास हिवाळी प्रासाद म्हणत. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने १७६४ साली बर्लिनच्या एका व्यापाऱ्याकडून चित्रांचा मोठा संग्रह मिळविला आणि पुढे प्रासादालगत त्यासाठी दालने बांधविली. 'हर्मिटेज' या जगप्रसिद्ध कलासंग्रहालयाचा हाच प्रारंभ होय. हर्मिटेज म्हणजे एकांतस्थान. नावाप्रमाणेच आरंभी तेथे मोजक्या मंडळींसच प्रवेश असे. १८५२ मध्ये ते लोकांसाठी उघडले आणि १९१७ च्या क्रांतीनंतर सम्राटांचा हा ठेवा राष्ट्राचा झाला. हा ठेवा प्राणपणाने जपणाऱ्यांत योसिफ ओर्बेली यांचे नाव अग्रभागी आहे.

ओर्बेली यांचा जन्म २० मार्च १८८७ रोजी जॉर्जियातील कुताइसी येथे एका आर्मेनियन कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेतच आनी या आर्मेनियन नगराच्या प्राचीन अवशेषांच्या उत्खननात त्यांनी भाग घेतला. मातीखालून वर येणारी एकेक वस्तू गतकाळाची कथा सांगते, हे त्यांनी तेथे अनुभवले. १९२० मध्ये ते हर्मिटेजच्या सेवेत रुजू झाले व पौर्वात्य कलेचा विभाग त्यांनी नावारूपास आणला.

परंतु संकट लवकरच दारी आले. परकीय चलनाच्या गरजेपोटी सरकारने हर्मिटेजमधील अमोल चित्रे परदेशी विकण्यास आरंभ केला. राफाएलसारख्या थोर चित्रकारांच्या कृती कायमच्या देशाबाहेर गेल्या. इराणच्या प्राचीन रुप्याच्या पात्रांवरही तीच पाळी येणार, असे दिसू लागले. त्या काळी सत्ताधीशांपुढे ब्र काढणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होते. तरीही १९३२ मध्ये ओर्बेली यांनी थेट स्टालिन यांना पत्र लिहून विक्री थांबविण्याची विनंती केली. ती मान्य झाली आणि पौर्वात्य संग्रह वाचला. १९३४ मध्ये ते संग्रहालयाचे संचालक झाले.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर आक्रमण केले. युद्धाची चाहूल ओळखून ओर्बेली यांनी पेट्या व बांधणीचे साहित्य आधीच जमवून ठेवले होते. कर्मचारी आणि स्वयंसेवक अहोरात्र कामास लागले. चित्रे चौकटींतून उतरविली गेली. रिकाम्या चौकटी मात्र भिंतींवर तशाच ठेवल्या. चित्रे परत येतील, तेव्हा प्रत्येकीस आपली जागा सापडावी, हा त्यामागील हेतू होता. जुलै महिन्यात दोन आगगाड्यांतून अकरा लाखांहून अधिक वस्तू उरल पर्वताच्या प्रदेशातील स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्ग, येथे पोहोचल्या. तिसरी गाडी निघण्यापूर्वीच, ८ सप्टेंबर रोजी, नगरास वेढा पडला. त्या काळी या नगराचे नाव लेनिनग्राड असे होते.

वेढ्याचा तो पहिला हिवाळा अतिभयंकर होता. अन्न नाही, सरपण नाही, दिवे नाहीत. प्रासादाच्या तळघरांत सुमारे दोन हजार माणसे आश्रयास होती. सुताराचा सरस उकळून लोक भूक भागवीत. अनेक कर्मचारी उपासमारीने मृत्युमुखी पडले. अशा स्थितीतही १९ ऑक्टोबर रोजी ओर्बेली यांनी निजामी या महाकवीची आठशेवी जयंती साजरी केली. काही विद्वान तर थेट रणांगणावरून व्याख्यानासाठी आले. बाहेर मृत्यू उभा असता आत काव्याचे स्मरण चालले होते. डिसेंबरात नवाई या कवीचाही असाच उत्सव झाला. नदीत नांगरलेल्या 'पोलार्नाया झ्वेझ्दा' या नौकेने संग्रहालयास वीज पुरविली. ही नौका पूर्वी राजकुलाची होती.

१९४२ च्या वसंतात ओर्बेली आर्मेनियास गेले. इकडे मागे राहिलेल्यांनी राखण सोडली नाही. दालने साफ करण्यास मदत केलेल्या तरुण सैनिकांना एका मार्गदर्शकाने रिकाम्या चौकटींपुढे उभे केले आणि तेथील प्रत्येक चित्राचे वर्णन करून सांगितले. डोळ्यांपुढे नसलेली चित्रे त्या सैनिकांनी मनाने पाहिली.

जानेवारी १९४४ मध्ये वेढा उठला. ऑक्टोबर १९४५ मध्ये कलावस्तू परतल्या आणि पुढल्याच महिन्यात दारे पुन्हा उघडली. फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयात ओर्बेली यांनी साक्ष दिली. तोफांचा मारा संग्रहालयावर हेतुपुरस्सर झाला, हे एका नागरिकास कसे कळले, असे प्रतिपक्षाच्या वकिलांनी विचारले. शेजारच्या पुलावर एकच गोळा पडला, तर संग्रहालयावर तीस, एवढेच त्यांनी दाखवून दिले.

२ फेब्रुवारी १९६१ रोजी ओर्बेली यांचे देहावसान झाले. आज त्या दालनांत रेम्ब्रांटच्या चित्रांपुढे देशोदेशीचे लोक तल्लीन होऊन उभे राहतात. सम्राटांनी हे धन जमविले खरे. पण ते टिकले, ते अर्धपोटी राहून त्यावर पहारा देणाऱ्या माणसांमुळे.