जे. बी. एस. हाल्डेन

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन (५ नोव्हेंबर १८९२ – १ डिसेंबर १९६४) हे ब्रिटनमध्ये जन्मलेले व उत्तरायुष्यात भारताचे नागरिक झालेले आनुवंशिकीतज्ज्ञ होते. रोनाल्ड फिशर व स्यूअल राइट यांच्यासमवेत त्यांना जीवसमूहांच्या आनुवंशिकीचे संस्थापक मानले जाते.

पूर्वायुष्य

हाल्डेन यांचा जन्म ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. मुलाची पदवी मात्र ग्रीक-लॅटिन वाङ्मयाची. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स व इराकमध्ये लढले. पुढे केंब्रिज विद्यापीठात व १९३३पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अध्यापन केले.

संशोधन

मेंडेलचे नियम एका जोडप्याच्या संततीविषयी सांगतात. संपूर्ण जीवसमूहात केवळ संकरामुळे जनुकांचे प्रमाण बदलत नाही, हे हार्डी व वाइनबर्ग यांनी १९०८मध्ये दाखवले होते. नैसर्गिक निवडीने ते किती वेगाने बदलेल, याचे गणित हाल्डेन यांनी १९२४पासून लेखमालेद्वारे मांडले. मँचेस्टर परिसरात १८४८च्या सुमारास विरळ असलेले काळे पतंग १९०१पर्यंत जवळजवळ सर्वत्र झाले होते. त्यासाठी काळ्या पतंगांची संतती फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट टिकली पाहिजे, असे त्यांनी काढले. निवडीचा जोर इतका असू शकतो, हे तेव्हा अनेकांना पटणारे नव्हते.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की विरळ अप्रभावी जनुक बहुतांशी निरोगी वाहकांत दडून राहतो व निवडीच्या तावडीत सापडत नाही. त्यामुळे रुग्णांची सक्तीने नसबंदी करून वंशशुद्धी साधण्याची कल्पना निष्फळ ठरते. १९३८च्या ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ या ग्रंथात त्यांनी या कल्पनेवर टीका केली.

भूमध्य सागराच्या काठी थॅलॅसेमियाचा जनुक टिकून आहे, तो वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असल्यामुळे, असा तर्क त्यांनी १९४९मध्ये प्रसिद्ध केला. ॲलिसन यांनी १९५४मध्ये आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत असेच संरक्षण दाखवून दिले. विदर्भ व नंदुरबारमध्ये आढळणारा सिकलसेल आजार तो हाच.

राजकीय भूमिका

हाल्डेन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. सोव्हिएत संघात लिसेंकोच्या प्रभावाखाली आनुवंशिकीची गळचेपी झाली. हाल्डेन यांना १९२८मध्ये रशियात बोलावणारे वाव्हिलोव्ह १९४३मध्ये तुरुंगातच मरण पावले. तरीही हाल्डेन यांनी वेळीच स्पष्ट निषेध केला नाही. १९५०च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. मेंडेलच्या नियमांवर आयुष्य उभारलेल्या माणसाच्या चरित्रातील हे मोठेच उणे आहे.

भारतातील वास्तव्य

१९५७मध्ये पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. महागड्या उपकरणांविना केवळ निरीक्षण व मोजणी यांवर उत्तम संशोधन होऊ शकते, असा त्यांचा आग्रह असे. १९६१मध्ये संस्था सोडून नंतर त्यांनी भुवनेश्वर येथे प्रयोगशाळा उभारली. तेथील सहकारी सुरेश जयकर यांच्यासह १९६३मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. पिढ्यापिढ्यांतून निवडीची दिशा बदलत राहिली तर एकाच जनुकाची दोन्ही रूपे समूहात टिकू शकतात, असे त्यात दाखवले आहे.

कर्करोगाने भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.